"प्रभूने स्वप्नात दाखवलं" हे ठरवायचं कोणी?

इंदूरला आमच्या ओळखीच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये उपासना हिंदीत होते, शास्त्र मराठीत वाचलं जातं आणि साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं) दोन्हींची मिसळ करून दिली जाते. त्या साक्षींमध्ये एक वाक्य हमखास असतं, "प्रभूने मला स्वप्नात दाखवलं." कोणाला मुलीसाठी आलेलं स्थळ नको म्हणून दाखवलं, कोणाला विजयनगरचा फ्लॅट घे म्हणून सांगितलं, आणि नंतर तसंच झालं की सगळे हालेलूया म्हणून मोकळे. कॅथलिक मैत्रीण ऐकत असेल तर विचारते, फादरशी बोललीस का? आणि जी काकू ख्रिस्तीच नाही ती चहा गाळता गाळता म्हणते, अगं मनी वसे ते स्वप्नी दिसे. आता मजा अशी की ही तिन्ही मतं चर्चच्या इतिहासात आहेत, पार सुरुवातीपासून, आणि अजून त्यांचं एकमेकांशी जमलेलं नाही.

बायबलपासूनच बघू. योसेफाची स्वप्नं, फारोची सात गाई, नबुखद्नेस्सराचा पुतळा, हे सगळ्यांना माहीत असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत तर पानापानावर स्वप्न आहे, मरीयेला घरी आणायला घाबरू नको, मिसरात पळ, आता परत ये, मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, हेरोदाकडे जाऊ नका, आणि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटाकडे पिलाताच्या बायकोचं, जिचं कोणी ऐकलं नाही. म्हणून आपल्याकडे समज असा की शास्त्र स्वप्नांच्या बाजूने आहे. पण त्याच शास्त्रात उलट बाजूही तितकीच जोरात आहे आणि ती साक्षीच्या वेळी कोणी उघडत नाही. यिर्मयाच्या 23व्या अध्यायात देव चक्क वैतागलेला आहे, संदेष्टे "मला स्वप्न पडलं, स्वप्न पडलं" म्हणत फिरतायत आणि तो म्हणतो ज्याला स्वप्न पडलं त्याने स्वप्न सांगावं, पण गव्हापुढे भुसकटाचं काय? उपदेशक नावाचं पुस्तक म्हणतं फार व्याप झाला की स्वप्नं पडतात. कॅथलिक बायबलमध्ये बेन सिरा नावाचा ग्रंथ आहे (प्रोटेस्टंट बायबलात तो नाही), त्याचा 34वा अध्याय म्हणजे जवळजवळ आमच्या काकूचंच मत, फक्त सर्वोच्च देवाने पाठवलेलं असेल तर गोष्ट वेगळी असं एक दार तो उघडं ठेवतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाच्या 13व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तिथे म्हटलंय की एखादा स्वप्न पाहणारा उठला, त्याने काही चिन्ह सांगितलं आणि ते *खरं झालं* तरीही, तो जर दुसऱ्या देवांच्या मागे चला म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका, ही तुमची परीक्षा चालली आहे. म्हणजे खरं निघणं हा पुरावाच नाही! पुढे 18व्या अध्यायात खोटं निघालं तर तो देवाचा शब्द नव्हे असं आहे, म्हणजे खोटं निघालं तर नापास, पण खरं निघालं म्हणून पास नाही. आपल्या सभांमध्ये नेमकं उलटं चालतं, खरं झालं की चौकशी बंद.

नव्या करारातही तेच दोन्ही टोकं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र योएलाचा हवाला देतो की तुमचे वृद्ध स्वप्नं पाहतील, आणि तिकडे योहानाचं पहिलं पत्र सांगतं प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. पौल थेस्सलनीकाकरांना म्हणतो भविष्यवाणी तुच्छ मानू नका पण सगळ्याची पारख करा. त्याच पौलाला त्रोवस शहरात रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला, "इकडे येऊन आम्हाला मदत कर", तर प्रेषितांची कृत्ये 16:10 नीट वाचा, दृष्टांत एकट्याला झाला पण त्याचा अर्थ "आम्ही" काढला असं लिहिलंय. सगळे बसले असतील, बोलले असतील.

पहिल्या-दुसऱ्या शतकात गावोगाव फिरणारे संदेष्टे होते आणि मंडळ्यांना त्यांचं काय करायचं हा प्रॅक्टिकल प्रश्न होता. दीदाखे नावाचं त्या काळातलं छोटं नियमपुस्तक आहे, त्याची हस्तलिखित प्रत 1873 साली सापडली. त्यातली कसोटी मला फार आवडते कारण त्यात काही गूढ नाही. पाहुणा एक दिवस राहील, फार तर दोन, तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर खोटा संदेष्टा. आत्म्यात असल्याचं सांगून स्वतःसाठी पैसे मागितले तर खोटा. बस्स. याच काळात फ्रिजियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटानस आणि त्याच्या सोबत प्रिस्किला, मॅक्सिमिला उठले, आमच्या तोंडून थेट पवित्र आत्मा बोलतो म्हणाले, आणि चर्चने त्यांना बाहेर काढलं. पण 203 साली कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाच्या तरुण आईला दृष्टांत झाला, काशाची उंच शिडी, दोन्ही कडांना हत्यारं, पायथ्याशी अजगर, तर तो चर्चने डोक्यावर घेतला. दोघांत फरक काय? एक फरक सरळ दिसतो, पर्पेतुआने त्या स्वप्नाच्या जोरावर कोणाला काही करायला लावलं नाही, स्वतः मरणाला तयार झाली.

जेरोमची गोष्ट तर सांगायलाच हवी. चौथ्या शतकातला हा मोठा विद्वान, पुढे बायबल लॅटिनमध्ये आणणारा. त्याला तापात स्वप्न पडलं की न्यायासनापुढे उभा आहे आणि आवाज येतो, तू ख्रिस्ताचा नाहीस, सिसरोचा (म्हणजे ख्रिस्तपूर्व रोमन लेखकाचा) आहेस. फटके बसले, यापुढे असली पुस्तकं वाचणार नाही अशी शपथ घेतली. वर्षं गेली, रुफिनस या जुन्या मित्राशी बिनसलं आणि त्याने टोमणा मारला की तू शपथ मोडलीस. तर जेरोमचं उत्तर काय, अरे ते स्वप्न होतं, स्वप्नावर विश्वास ठेवू नका असं संदेष्टेच सांगतात! सोयीप्रमाणे स्वप्न देवाचं आणि सोयीप्रमाणे नुसतंच स्वप्न, हे संतांनाही चुकलेलं नाही.

चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन, त्याची आई मोनिका मात्र जास्त प्रामाणिक वाटते. मुलगा मार्गावर येईल असं स्वप्न तिला पूर्वी पडलं होतं आणि ती त्याला धरून राहिली. पुढे ऑगस्टीनच्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा तिने देवाला मागितलं की काहीतरी दाखव, तेव्हाही काही काही दिसलं, पण ते तिने स्वतःच निकालात काढलं, म्हणाली हे माझ्या मनाचे खेळ आहेत. देवाकडून येतं त्याची एक चव असते, ती शब्दांत सांगता येत नाही पण कळते, असं ती म्हणायची. आता ही कसोटी दुसऱ्याला वापरता येत नाही हे उघड आहे. पण जिला एवढं हवं होतं तिने आपलंच स्वप्न नाकारलं, ही गोष्ट ऑगस्टीनने लिहून ठेवली हे बरं झालं.

सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने तर यादीच दिली, स्वप्नांची सहा कारणं, पोट भरलेलं, पोट रिकामं, भ्रम, विचार आणि भ्रम मिळून, प्रकटीकरण, विचार आणि प्रकटीकरण मिळून. (इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतून रात्री बाराला परतणाऱ्यांनी पहिल्या कारणाची नोंद घ्यावी.) तो एका माणसाचं उदाहरणही देतो, स्वप्नात दीर्घायुष्याचं वचन मिळालं म्हणून खूप पैसा साठवला आणि अचानक मेला, पैसा तसाच पडून.

पुढे मध्ययुगात हा प्रश्न घरगुती राहिला नाही, राजकारण झाला. स्वीडनची ब्रिजिट, सिएनाची कॅथरीन यांचे दृष्टांत पोपने कुठे राहावं इथपर्यंत बोलायला लागले. मग पॅरिसचा धर्मपंडित जाँ गेरसाँ या विषयावर लिहायला बसला, 1401 साली एकदा आणि 1415 ला कॉन्स्टन्सच्या चर्च-परिषदेच्या वेळी पुन्हा. त्याचं म्हणणं, दृष्टांताचं नाणं पारखून घ्यावं, नम्रता आहे का, विवेक आहे का, धीर, सत्य, प्रेम आहे का. ऐकायला छान आहे, पण त्याला बायकांच्या दृष्टांतांचा मुळातच संशय होता आणि तो लपतही नाही. या पारखीचं दुसरं टोक 1431 ला फ्रान्समधल्या रुआँमध्ये दिसलं. संतांचे आवाज ऐकून इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कला न्यायाधीशांनी हेच सगळं विचारलं, देवदूत मायकल कसा दिसला, संत मार्गारेट कोणत्या भाषेत बोलली, चर्चच्या निर्णयापुढे मान तुकवशील का, आणि एकोणीसेक वर्षांच्या त्या पोरीला जाळलं. 1456 ला तो निकाल रद्द झाला, 1920 ला ती संत. म्हणून पारख हवी असं म्हणताना पारखणाऱ्याचं मीठ कोण खातंय... नाही, तो कोणाचं मीठ खातोय हेही बघावं लागतं, रुआँची कोर्ट इंग्रजांच्या ताब्यात होती.

सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लोकांपाशी मला थोडं जास्त थांबायचंय, कारण तिथे पारखणारे आणि दृष्टांत पाहणारे एकच होते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस मान्रेसा गावात असताना त्याला हवेत सापासारखं काहीतरी सुंदर दिसायचं, डोळ्यांसारखं चमकणारं, बघून फार बरं वाटायचं आणि नाहीसं झालं की उदास. पुढे एका क्रुसापुढे तेच दिसलं तेव्हा त्याची चमक गेली होती आणि त्याने ठरवलं हे देवाचं नाही. आणखी एक, झोपायच्या वेळी त्याला मोठमोठी आत्मिक सांत्वनं यायला लागली, झोप उडायची. त्याने विचार केला की देवासाठी दिवसभराचा वेळ दिलेला आहेच, ही वेळ झोपेची, आणि झोपला. यातूनच त्याची पद्धत निघाली, सुरुवात, मधला भाग आणि शेवट तिन्ही बघायचे, सुरुवात गोड असून शेवट बिघडला तर सावध.

आविलाची सिस्टर तेरेसा, तिच्या वेळी तर वातावरणच भीतीचं होतं, कारण कॉर्दोबाची माग्दालेना दे ला क्रूझ नावाची सिस्टर, जिला अख्खा स्पेन संत मानायचा, तिने सगळं खोटं होतं असं कबूल केलं आणि 1546 ला तिला शिक्षा झाली. तेरेसाला ख्रिस्ताचे दृष्टांत व्हायला लागले तर कबुलीजबाब घेणारे फादर म्हणाले हा सैतान आहे, दिसला की बोटांनी तुच्छतेची खूण कर. ती बिचारी करायची, आणि ज्याला करतेय त्याचीच माफी मागायची. तिचा नियम असा की दृष्टांत एक सांगतो आणि फादर दुसरं, तर फादरचं ऐक, देवाला हवं असेल तर तो फादरचं मन बदलेल. आणि तिचाच सोबती क्रुसाचा योहान आणखी पुढे गेला, म्हणाला दृष्टांत खरा असला तरी त्याला धरून बसू नका, जे भलं व्हायचं ते दिसता क्षणीच झालं. मला ही सगळी परंपरा वाचताना एकच दिसतं, सगळ्यात कडक कसोट्या नास्तिकांनी नाही लावल्या, ज्यांना स्वतःला दिसत होतं त्यांनी लावल्या, आणि आधी स्वतःला लावल्या.

प्रोटेस्टंट बाजू लवकर सांगते. विटेनबर्गला 1521 च्या शेवटी झ्विकाऊ गावचे "संदेष्टे" आले, थेट देव बोलतो म्हणाले, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्युथर त्यांना वैतागला. 1646-47 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात पहिल्याच कलमात आलं की देवाने इच्छा प्रकट करण्याच्या जुन्या रीती आता थांबल्या, शास्त्र पुरे. आणि इथे आपलं इंदूर येतं. 1877 ला इथे जे कॅनेडियन मिशनरी आले ते प्रेसबिटेरियन, याच वेस्टमिन्स्टरवाल्या घराण्यातले, 1887 चं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. म्हणजे मूळ मिशनची शिकवण अशी, आणि आज शहरातल्या प्रार्थनासभांमध्ये स्वप्नांच्या साक्षी. हे मधल्या काळात कसं झालं?

थोडं उत्तर अमेरिकेत आहे, तिथल्या जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने 1741 मध्येच सांगितलं होतं की रडणं, थरथरणं, दृष्टांत होणं यावरून हे देवाचं आहे असंही सिद्ध होत नाही आणि नाही असंही नाही, पुढे जगणं कसं आहे ते बघा. पण मोठं उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. जून 1905 ला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये जागृती (धार्मिक उत्साहाची लाट) सुरू झाली, एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी मुलगी बादलीभर पाणी आणायला धावली असं तिथलं वर्णन आहे, आणि हे लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध जागृतीच्या, जिथून पेन्टेकॉस्टल चळवळ पसरली तिच्या, आधीचं, ती 1906 ची. त्यावर टीका भरपूर झाली, पण पंडिता रमाबाईंनी ते बंद पाडलं नाही. त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणायच्या कामाला आयुष्याच्या शेवटापर्यंत बसल्या होत्या, हे दोन्ही एकाच बाईत होतं. आणि मराठी माणसाला स्वप्नातला उपदेश काही परका नव्हताच, तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला आणि कवित्व करायची आज्ञाही स्वप्नातच, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलंय त्यांना वेस्टमिन्स्टरचं पहिलं कलम जरा कोरडंच वाटणार.

कॅथलिकांकडे मात्र कागदपत्रं वाढत गेली. पुढे पोप बेनेडिक्ट चौदावा झालेल्या लाम्बेर्तीनीने 1730 च्या दशकात संतपदाच्या चौकशीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात खासगी दृष्टांत कितीही मान्य झाला तरी त्यावर श्रद्धा ठेवायची सक्ती नाही हे तत्त्व पक्कं केलं. फ्रान्समधल्या लूर्दला बर्नादेत नावाच्या मुलीला 1858 मध्ये मरीया दिसली असं सांगितलं गेलं, बिशपचा निकाल 1862 ला आला, आणि हे लवकर म्हणायचं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच सिस्टर राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा ती प्रक्रिया किती लांब असते ते इथल्या लोकांनी पाहिलं, 1995 च्या हत्येपासून बावीस वर्षं, आणि त्यात तर दृष्टांताचा प्रश्नही नव्हता.

मे 2024 मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले. आधीचे 1978 चे होते. आता बिशप साधारणपणे "हे अलौकिक आहे" असं जाहीर करणारच नाही, सहा प्रकारचे निष्कर्ष ठेवलेत, त्यातला सगळ्यात वरचा एवढंच म्हणतो की हरकत नाही. बोस्नियातल्या मेजुगोऱ्येला 1981 पासून मुलांना मरीया दिसते असं सांगितलं जातं, त्याला सप्टेंबर 2024 मध्ये हीच "हरकत नाही" मिळाली, म्हणजे लोक तिथे जातात, प्रार्थना करतात, त्यातून भलं होतंय, जायला हरकत नाही. तिथे खरंच मरीया दिसते का, यावर त्रेचाळीस वर्षांनंतरच्या त्या निर्णयातही रोमने हो म्हटलेलं नाही.