नैरोबीला निघताय? स्वेटर काढून ठेवू नका

'आफ्रिकेत काय, नुसता उकाडा! गरम कपडे कशाला?' केनियात शिकायला निघालेल्या प्रत्येकाला घरून हे ऐकावं लागतं. मीही ऐकलं, आणि जुलैत नैरोबीला पोहोचल्यावर पहिला आठवडा रात्री दोन टी-शर्टवर टॉवेल गुंडाळून झोपले.

विषुववृत्त जवळ म्हणजे उष्णता, हा हिशेब अर्धाच आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर! म्हणजे शहराचा बराचसा भाग आपल्या सर्वोच्च शिखराच्याही वर वसलाय. त्यात ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे जून ते ऑगस्ट हाच थंडीचा काळ. दिवसच्या दिवस आभाळ भरलेलं, आणि रात्री पारा 10-12 अंशांवर. खोल्यांत हीटर सहसा नसतो, फरशी पायाला बर्फासारखी लागते. केनियातलंच मोंबासा शहर मात्र समुद्रकाठी. तिथे खरंच घामाच्या धारा.

काही आणायचं राहिलंच, तर 'मितुंबा'चा, म्हणजे जुन्या कपड्यांचा, बाजार गाठा. नैरोबीतल्या गिकोंबा बाजारात जाड जॅकेट स्वस्तात मिळतं. शिवण आणि चेन तेवढी तपासून घ्या. आणि पोळ्यांची काळजी नको, तिथेही त्यांना चपातीच म्हणतात.