ओबामा-क्लिंटन भाऊबंदकी : मूळ शिकागोच्या रस्त्यावर

३१ मे २००८, शनिवार. वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क मॅरियट हॉटेलात डेमोक्रॅटिक पक्षाची नियम समिती बसली होती. विषय ऐकायला अगदीच रूक्ष : मिशिगन आणि फ्लोरिडा या दोन राज्यांचे प्रतिनिधी मोजायचे का, आणि किती. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हिलरी क्लिंटन की बराक ओबामा, हे अधिवेशनात मत देऊन ठरवणारे ते हे प्रतिनिधी. पण समोर बसलेले लोक पेटलेले होते. हिलरी क्लिंटन यांचे समर्थक, त्यात बायका बऱ्याच, 'डेन्व्हर! डेन्व्हर!' असा गजर करत होते. म्हणजे हे भांडण इथं मिटवू नका, ऑगस्टमधल्या डेन्व्हरच्या अधिवेशनापर्यंत न्या.

दोन्ही राज्यांनी पक्षाचं वेळापत्रक मोडून मतदान जानेवारीतच उरकलं होतं, म्हणून पक्षानं त्यांचे प्रतिनिधी आधीच बाद ठरवले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर बराक ओबामा यांचं नावच नव्हतं. त्यांनी ते काढून घेतलं होतं. तिथं ५५ टक्के क्लिंटनना आणि ४० टक्के 'कुणालाच बांधील नाही' या रकान्यात. समितीनं तोडगा काढला : मिशिगनचे ६९ क्लिंटनना, ५९ ओबामांना, प्रत्येकाला अर्धं मत. मतांच्या हिशेबानं क्लिंटन यांचे ७३ होत होते. त्या चार प्रतिनिधींवरून त्यांचे सल्लागार हॅरल्ड आइक्स यांनी आकाशपाताळ एक केलं. गंमत अशी की ही राज्यं बाद करण्याच्या बाजूनं वर्षभरापूर्वी याच समितीत आइक्स यांनीच मत दिलं होतं.

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म, आणि तो कुणाच्या खिशातून निघतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेत उमेदवार मतदार ठरवतात, असं आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. ते खरं आहे, पण जुनं नाही. १९६८ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान, न लढता उमेदवार झाले. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली मतं युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी गोळा केली होती. केनेडींची जूनमध्ये हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षाच्या पुढाऱ्यांनी आपल्या मुठीतले प्रतिनिधी हम्फ्रींकडे वळवले. बाहेर मिशिगन अव्हेन्यूवर महापौर रिचर्ड डेली यांचे पोलीस निदर्शकांना बडवत होते आणि टीव्हीचे कॅमेरे चालू होते. आम्ही मतं दिली, त्यांचं काय झालं, हा प्रश्न त्या रात्री जन्माला आला. २००८ मध्ये डेन्व्हरचा गजर करणारेही तोच विचारत होते.

उत्तर म्हणून पक्षाचा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला. प्रतिनिधींची निवड उघड हवी, त्यात कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि तरुण दिसले पाहिजेत, असे नियम झाले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यामागून राज्य प्रायमरीकडे वळलं. १९७२ मध्ये याच नियमांखाली खुद्द डेली यांच्या प्रतिनिधींना अधिवेशनातून बाहेर काढलं गेलं. जॉर्ज मॅकगव्हर्न आपल्याच आयोगाच्या नियमांवर उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वगळता सगळं हरले.

मग पुढाऱ्यांची पोटदुखी सुरू झाली. १९८० मध्ये टेड केनेडी थेट अधिवेशनापर्यंत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याशी लढले. कार्टर पुढं हरलेच. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जिम हंट यांच्या आयोगानं १९८२ मध्ये मागच्या दारानं पुढाऱ्यांना परत आत घेतलं. खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना कुणाच्याही मतांविना प्रतिनिधी होण्याचा मान मिळाला. यांनाच सुपरडेलिगेट म्हणतात. २००८ पर्यंत ते ८०० च्या आसपास, म्हणजे एकूण प्रतिनिधींच्या साधारण पाचवा हिस्सा झाले होते. दरम्यान कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांच्या आग्रहानं राज्यातले प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटायचा नियम पक्का झाला. जिंकेल त्याला सगळं, हे डेमोक्रॅटिक पक्षात संपलं.

या दोन नियमांची सांगड घातली की २००८ चं त्रांगडं उलगडतं. प्रमाणात वाटप असल्यानं कुणीच झटकन पुढं जात नसे आणि शेवटी निकाल सुपरडेलिगेटांच्या हाती जाई. ५ फेब्रुवारीला क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकून ११ प्रतिनिधींची आघाडी मिळवली, तर ओबामांनी चिमुकल्या आयडहोत १२ ची. टेक्सासात दिवसा प्रायमरी आणि संध्याकाळी कॉकस. प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, एकूण प्रतिनिधी ओबामांना जास्त मिळाले. कॉकस म्हणजे जवळपास ग्रामसभाच : ठरल्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. रात्रपाळीच्या नर्सला किंवा हॉटेलातल्या वेट्रेसला ते जमत नाही, आणि क्लिंटन यांचा मतदार बराचसा असाच होता. त्यांच्या लोकांची ही तक्रार मला आजही रास्त वाटते. पण नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते, आणि ओबामांच्या माणसांनी ते नीट वाचले होते.

धोरणात दोघांत फार अंतर नव्हतं. इराक युद्ध हाच काय तो खरा फरक : २००२ मध्ये क्लिंटन यांनी सिनेटमध्ये युद्धाच्या परवानगीला मत दिलं, ओबामांनी त्याच महिन्यात शिकागोत विरोधाचं भाषण केलं. धोरण सारखं असलं की माणसं स्वतःकडे पाहून मत देतात. आयोवात तिशीच्या आतल्यांनी ओबामांना उचलून धरलं, तर पासष्टीच्या वरचे क्लिंटनकडे गेले. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये बायकांनी सगळे पोल खोटे पाडून क्लिंटनना जिंकवलं. कृष्णवर्णीय मतदार २००७ मध्ये बरेचसे क्लिंटन यांच्याकडे होते. गोऱ्या आयोवात ओबामा जिंकू शकतात हे दिसल्यावर ते सरकले आणि साउथ कॅरोलायनात ओबामांना त्यांची ७८ टक्के मतं पडली. जॉर्जियाचे खासदार जॉन लुइस क्लिंटन यांचे सुपरडेलिगेट होते. त्यांच्या मतदारसंघानं ओबामांना कौल दिला आणि फेब्रुवारीअखेर लुइस यांनीही बाजू बदलली. उलट मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात क्लिंटन ६७ टक्के घेऊन जिंकल्या, आणि तिथल्या दर पाच गोऱ्या मतदारांपैकी एकानं, वंश हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा होता, असं मतदान केंद्राबाहेर सरळ सांगितलं.

भारतीय वंशाच्या मतदारांनाही एक ओरखडा बसलाच. जून २००७ मध्ये ओबामांच्या प्रचारयंत्रणेतून एक टिपण फुटलं, त्यात हिलरींच्या नावापुढं राज्य म्हणून 'पंजाब' लिहिलं होतं. भारतीय देणगीदारांवर आणि भारतात जाणाऱ्या नोकऱ्यांवर मारलेला तो टोमणा होता. चूक झाली, हे ओबामांना कबूल करावं लागलं.

मार्च २००८ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेनं विचारलं, तेव्हा क्लिंटन यांच्या २८ टक्के समर्थकांनी, ओबामा उमेदवार झाले तर आम्ही रिपब्लिकन मॅकेन यांना मत देऊ, असं सांगितलं. ओबामांच्या गोटातले असे १९ टक्के होते. पक्ष एकजुटीच्या नावानं शिवी हासडणारा 'प्यूमा' नावाचा गटही निघाला. ३ जूनला ओबामांनी आवश्यक आकडा गाठला. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेताना, बायकांना वर जाऊ न देणाऱ्या काचेच्या छताला १ कोटी ८० लाख तडे गेले आहेत, असं आपल्या मतदारांना सांगितलं. २७ जूनला दोघं पहिल्यांदा एकत्र प्रचाराला एका मंचावर आले ते न्यू हॅम्पशरमधल्या युनिटी नावाच्या गावात. गाव नावासाठी निवडलं होतंच, पण तिथल्या प्रायमरीत दोघांना प्रत्येकी १०७ मतं पडली होती.

डेन्व्हरला राज्यवार मोजणी अर्ध्यावर थांबवून ओबामांना एकमुखानं उमेदवार करावं, हा ठराव क्लिंटन यांनीच मांडला. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलमध्ये त्यांच्या दर सहा समर्थकांपैकी पाच जणांनी ओबामांना मत दिल्याचं दिसलं. मार्चमधला राग खरा होता, पण तो मार्चमधला होता.

२०१६ मध्ये बाजू फिरली. या वेळी सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्या पाठीशी होते आणि मतांचा अपमान झाला म्हणून ओरडणारे होते त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांचे समर्थक. पक्षाचे ईमेल फुटले, अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना अधिवेशनाच्या तोंडावर पद सोडावं लागलं. २५ ऑगस्ट २०१८ रोजी पक्षानं ठरवलं, की चुरस असेल तेव्हा पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही. ती बैठक शिकागोत झाली. हम्फ्रींना जिथं उमेदवारी मिळाली होती, त्याच शहरात, बरोब्बर ५० वर्षांनी आणि त्याच ऑगस्ट महिन्यात.