वस्तीत कला ‘न्यावी’ लागते का?

जळगाव-धुळ्याकडे वस्त्यांमधल्या कला-उपक्रमांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “तिथं कुठली आली कला, पोटाचीच मारामार, आपणच जाऊन रुजवावी लागते.” हे खरं नाही.

शेजारचं मालेगावच बघा. यंत्रमागांच्या खडखडाटात जगणारं शहर. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी साध्या कॅमेऱ्यावर गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या विनोदी नकला काढल्या. नट गावातलेच, त्यांत मागावरचे कामगारही. क्रेन नव्हती, मग बैलगाडीच्या जूवर कॅमेरामन बसवला. कुणी शिबिर घ्यायला गेलं नव्हतं बरं का.

खान्देशातली लोकदेवता कानबाई, तिच्या उत्सवाचंही तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोटांचा नैवेद्य, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी मिरवणुकीनं विसर्जन. पोटासाठी सुरतेला गेलेल्या खान्देशी कुटुंबांनी तिथल्या उधना-लिंबायतच्या चाळींतही कानबाई बसवली. डफावरचं वहीगायन, म्हणजे खान्देशी लोकगायनाचा एक प्रकार, खेड्यातून शहरात आलं तेही गाणाऱ्यांबरोबरच.

मग उपक्रम नकोतच का? हवेत की. पण अडचण हौसेची नसून जागेची आहे: दहा बाय दहाच्या खोलीत तालीम कशी करणार? महापालिकेच्या शाळेचा एक वर्ग संध्याकाळी उघडा मिळाला, दिवाबत्तीचा खर्च निघाला आणि शिकवणाऱ्या वस्तीतल्याच गायिकेला मानधन मिळालं, तर बरंच काम होतं. दोन दिवसांत भिंती रंगवून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांना मात्र हे सांगून उपयोग नाही.