मुंबईच्या मोकळ्या जागा : 'दत्तक' धोरणाची पार्श्वभूमी

बागा आणि मैदाने सांभाळायला बाहेरच्या संस्थांकडे सोपवायची, हे मुंबई पालिकेचे 'दत्तक' धोरण. ते समजून घ्यायला आधी या जागा कोणाच्या हे पाहावे लागते. उद्यान खाते पालिकेचे असले तरी प्रत्येक बागेवर हुकूम त्याच खात्याचा चालतो असे नाही. हँगिंग गार्डन १८८१ मध्ये उभी राहिली ती पाण्याच्या टाकीवर, त्यामुळे टाकीच्या दुरुस्तीचा विषय निघाला की बागही टांगणीला लागते. ओव्हल आणि आझाद मैदानाची जमीन राज्य सरकारची. राणीची बाग, शिवाजी पार्क यांचा इतिहास सर्वांना पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही.

खरा गुंता विकास आराखड्यांमुळे, म्हणजे कोणती जमीन कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या नकाशांमुळे झाला. नकाशात भूखंडाला बाग-मैदानाचा हिरवा रंग देणे सोपे. तो ताब्यात घ्यायला पैसा लागतो, आणि घेतल्यावर माळी, पाणी, रखवालदार हे सगळे आले. गिरण्यांच्या जमिनींवर तर रंगही टिकला नाही. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जागेच्या पुनर्विकासात साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी मिळायची होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिस्सा फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीवर मोजायचे ठरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. गिरणगावाच्या वाट्याला तुकडे आले.

जे भूखंड हातात होते, ते सांभाळायला मनुष्यबळ नाही, हे पालिकेचे जुने पालुपद. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका हे म्हणते, याचे नवल आता कोणाला वाटत नाही. त्यातून भूखंड बाहेरच्या संस्थांकडे सोपवण्याची वहिवाट पडली. २००७ च्या धोरणात दोन वाटा होत्या. दत्तक घेणाऱ्याने फक्त देखभाल करायची. काळजीवाहू संस्थेला मात्र स्वखर्चाने विकास करण्याच्या बदल्यात भूखंडाच्या काही भागावर बांधकामाची मुभा.

सगळी मेख या मुभेत होती. काही मैदानांवर क्लबहाऊस आले, जलतरण तलाव आले, सभासदत्वाची फी आली. वस्तीतली पोरे बॅट-बॉल घेऊन यायची त्या फाटकावर रखवालदार ओळखपत्र मागू लागला. कागदोपत्री जागा सार्वजनिकच! यातल्या काही संस्था राजकीय नेत्यांशी संबंधित होत्या आणि त्यात एकाच पक्षाची माणसे नव्हती, म्हणून सभागृहातला विरोध बोलण्यापुरताच राहिला. दुसरी बाजूही आहे. रहिवाशांच्या काही संघटनांनी डेब्रिजचे ढीग उपसून चांगल्या बागा केल्या आणि फाटक सर्वांना उघडे ठेवले. पण धोरणाने या दोघांना एकाच मापाने मोजले.

जानेवारी २०१६ मध्ये पालिका सभागृहाने नवे धोरण मंजूर केले. ओरड इतकी झाली की तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली आणि आधी दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितले. संख्या दोनशेच्या वर होती. साध्या बागा लवकर परत आल्या. जिथे पक्के बांधकाम होते तिथे नोटिसा आणि पत्रव्यवहार लांबत गेला. पुढे ११ महिन्यांच्या मुदतीचे अंतरिम धोरण आले. २०२३ मध्ये दत्तक योजनेचा नवा मसुदा हरकतींसाठी खुला झाला. नागरिक संघटनांनी 'तुम्हीच सांभाळा' हीच मागणी लावून धरली आणि तोही स्थगित झाला. परत आलेल्या बागांची देखभाल आता पालिका करते, म्हणजे निविदा काढून नेमलेले कंत्राटदार करतात.