पेपरवालं पिल्लू: कागदावर वंश असतो, तब्येत का नसते?

कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायला निघालात की पहिला प्रश्न येतो, 'पेपरवालं हवं की बिनपेपरचं?' दोन्हींच्या किमतीत चांगलाच फरक असतो. जास्तीचे पैसे निरोगी जनावराचे, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि विकणारा ती खोडून काढायच्या फंदात पडत नाही. हा 'पेपर' म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा दाखला. तो नीट वाचून बघा. पिल्लाचं नाव, जात, रंग, जन्मतारीख, ब्रीडरचं नाव, मायक्रोचिपचा क्रमांक आणि आईबापांपासून मागच्या पिढ्यांची नावं एवढं त्यात मिळेल. आईचे खुबे कसे आहेत, बापाला धड श्वास घेता येतो का, याबद्दल अवाक्षर नाही. यात क्लबाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. हा कागद ज्या कामासाठी जन्माला आला, त्या कामात तब्येतीचा विषयच नव्हता.

ते काम सुरू झालं इंग्लंडात. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल गावात पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचं प्रदर्शन भरलं. साठ कुत्री आली होती. बक्षीस म्हणून स्थानिक कारागिराच्या बंदुका ठेवल्या होत्या. पॉइंटरांच्या परीक्षकाचा सेटर सेटरांमध्ये पहिला आला आणि सेटरांच्या परीक्षकाचा पॉइंटर पॉइंटरांमध्ये! पुढच्या बारा-चौदा वर्षांत प्रदर्शनांचं पेव फुटलं आणि अशा भानगडीही वाढल्या. एकाच नावाची ढीगभर कुत्री, कुणाचं कुत्रं कुणाच्या नावावर, वंशावळ तोंडी. हा गोंधळ निस्तरायला ४ एप्रिल १८७३ रोजी सेवालिस शर्ली या संसदसदस्यानं बारा मित्रांना घेऊन लंडनमध्ये केनेल क्लब काढला. पुढच्या वर्षी क्लबाची पहिली वंशनोंदवही छापून निघाली; तीत ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती. म्हणजे बक्षीस कुणाच्या कुत्र्याला मिळालं यावरून वाद होऊ नयेत म्हणून ठेवलेली ही वही. जगभरच्या केनेल क्लबांनी, आपल्यासकट, हाच नमुना उचलला.

प्रदर्शनांमागे धंदाही होताच. आज जगातलं सर्वात नावाजलेलं प्रदर्शन ज्याच्या नावानं भरतं, तो चार्ल्स क्रफ्ट मूळचा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीतला माणूस. स्वतःच्या नावाचं पहिलं प्रदर्शन त्यानं १८९१ साली भरवलं.

वहीनं एक नियम हळूहळू पक्का केला: ज्याचे आईबाप वहीत, त्याचंच पिल्लू वहीत. ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण बाहेरचं रक्त येण्याची वाट बंद झाली की जातीत जे आहे त्यातच फिरावं लागतं. त्यात बक्षीस मिळवलेल्या नराला मागणी एवढी, की एकेक चॅम्पियन शेकडो पिल्लांचा बाप होतो. त्याच्यात एखादा दोष दडलेला असेल तर दोन-तीन पिढ्यांत तो जातभर पसरतो, कारण नातवंडं-पतवंडं पुन्हा एकमेकांना लावली जातात. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये क्लबाच्याच नोंदी तपासल्या. ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगांमध्ये जनुकीय विविधता होती जेमतेम पन्नास कुत्र्यांएवढी.

डाल्मेशियनची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण वहीचा हट्ट कुठवर जातो ते तिच्यात दिसतं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं हे कुत्रं आपल्याकडेही एके काळी बंगल्याबंगल्यात दिसायचं. या जातीत एक जनुक बिघडलेलं आहे. त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड फार उतरतं आणि मुतखडे होतात. नराच्या मूत्रमार्गात खडा अडकला तर लघवी तुंबून जिवावर बेततं. नोंदणीतल्या सगळ्याच डाल्मेशियनांत जनुकाची बिघडलेलीच जोडी होती. चांगली प्रत जातीत कुठेच उरली नव्हती, त्यामुळे कितीही निवडून पैदास केली तरी उपयोग नव्हता. रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञानं १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचं एका पॉइंटरशी मीलन घडवलं, एकदाच. पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच. काही पिढ्यांत दिसायला अस्सल डाल्मेशियन आणि लघवी मात्र इतर कुत्र्यांसारखी, अशी पिल्लं मिळाली. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबानं त्यातल्या दोघांची नोंद केली. त्यावर जातीच्या क्लबातले ब्रीडर बिथरले, 'भेसळ' म्हणून ओरडा झाला आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा खुली व्हायला २०११ उजाडलं. तीस वर्षं उपाय हाताशी होता आणि कुत्र्यांची ऑपरेशनं चालू होती. आपल्या डाल्मेशियनचे पूर्वज कोणते ते ठाऊक नसेल तर काळजी एवढीच: काळीज, गुर्दे, खिमा यांचा मारा नको, पाण्याचं भांडं कधी रिकामं नको, आणि लघवीला वारंवार पाय उचलून थेंबथेंबच येत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

बुलडॉगचं वेगळंच झालं. बैलावर कुत्री सोडायच्या खेळावर ब्रिटनमध्ये १८३५ साली कायद्यानं बंदी आली आणि त्याचं कामच गेलं. काम गेल्यावर उरलं रूप. मोठं डोकं, आखूड तोंड, रुंद खांदे यांना बक्षिसं मिळत गेली, तसं ते रूप वाढत गेलं. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगची ऐंशी टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियननं झालेली आढळली. आईच्या कमरेतून पिल्लाचं डोकं सुटतच नाही.

काम सुटलं की रूपच उरतं, हे आपल्या घरच्या जातीलाही लागू आहे, आणि याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. मराठवाडा-सोलापूरकडे ज्याला कारवानी म्हणतात आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, ते हे सडपातळ, लांब तोंडाचं, वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची निगुतीनं पैदास केली. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. वाडीवस्तीवर या कुत्र्याची परीक्षा एकच होती: ससा पकडतो की नाही. दम लागणारं, लंगडणारं, कमी दिसणारं कुत्रं कुणी मीलनासाठी नेत नसे. कागद नव्हता, पण निवड कडक होती. (निवडीतून वगळलेल्या पिल्लांचं पुढे काय व्हायचं, ते फार गोंडस नव्हतं.) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशामागे कुत्रं सोडणं गुन्हा झाला, आणि ते योग्यच झालं. पण त्याबरोबर परीक्षाही गेली. आता हीच कुत्री रंग, उंची आणि पेपर यांवर विकली जाऊ लागली आहेत. बुलडॉगला १८३५ नंतर जे वळण लागलं, त्याच वळणावर हे कुत्रं आज आहे.

इतर जातींकडे बघायचं तर भारतात खरी उलथापालथ झाली ती २००३ मध्ये. हच मोबाइलच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि प्रत्येकाला पग हवा झाला. मागणी वाढली तशी शहराशहरात एकेका खोलीत पैदास सुरू झाली. पगचा घसा उघडून बघितला तर दुखणं कळतं. तोंड आखूड केलं, पण आतला मऊ टाळू तेवढाच लांब राहिला. तो घशात लोंबतो. नाकपुड्या फटीसारख्या बारीक, श्वासनळीही बऱ्याचदा अरुंद. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हीच त्याची अंग थंड करायची सोय, आणि पगची नेमकी तीच तोकडी. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी पगला फिरायला नेणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. जागेपणी घोरतो, खाताना थांबून श्वास घेतो, थोडं चाललं की मागचे पाय फाकवून बसतो, हे 'क्यूट' नसतं. लक्षणं असतात ती.

इंग्लंडात या सगळ्याला तोंड फुटलं ते बीबीसीच्या २००८ मधल्या एका माहितीपटानं. क्रफ्टच्या प्रदर्शनाचं प्रक्षेपण बीबीसीनं थांबवलं. २००९ पासून केनेल क्लबानं बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या मीलनातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. एकशे छत्तीस वर्षं ही बंदी नव्हती, हेच खरं तर वाचून थक्क व्हायला होतं.

आपल्याकडे दोन पावलं पडली. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रानं पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आयात करण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता. पण आयात थांबली तशी नवं रक्तही थांबलं, आणि देशातल्या त्याच नर-माद्यांवर धंदा पुढे चालू राहिला. दुसरं पाऊल म्हणजे मे २०१७ चे कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी अठरा महिन्यांची होण्याआधी लावायची नाही, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. 'सर, नोंदणी क्रमांक द्या' एवढं गिऱ्हाइकानं विचारलं तरी पुष्कळ ब्रीडर फोन ठेवतात.

आठ आठवड्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी गेल्या शतकाच्या मध्याला वर्षानुवर्षं पिल्लं पाळून निरीक्षणं केली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, असं त्यातून दिसलं. त्यातला पहिला अर्धा काळ आई आणि भावंडांचा. दात किती जोरात रोवायचे हे ते भावंडं केकाटल्यावर शिकतं. बाजारात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास मिळतात, कारण त्या वयात ती गोजिरी दिसतात आणि ब्रीडरचा खाण्याचा खर्च वाचतो. 'आमचा फार चावतो हो' ही तक्रार त्यातल्या पुष्कळ घरांतून पुढे येते. शिवाय आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं, लस पूर्ण झालेली नसते, आणि १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो हा जीवघेणा विषाणू नेमका याच वयाला गाठतो.

मग पेपरखेरीज मागायचं काय? लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे. या तपासणीसाठी अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था कुत्रं दोन वर्षांचं झाल्याशिवाय अंतिम दाखला देत नाही, यावरून आईबापांचं वय काय असायला हवं ते समजा. आई प्रत्यक्ष बघायची, पिल्लांसोबत आणि त्यांच्याच जागेत. 'मादी फार्महाउसवर आहे' म्हटलं की तिथून निघायचं. पगसारख्या जातींसाठी केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटिश केनेल क्लब यांनी २०१९ मध्ये श्वासाची एक चाचणी रूढ केली. आधी स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकायचा, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं आणि पुन्हा ऐकायचं. शून्य ते तीन अशी श्रेणी मिळते. तीन आलेल्या कुत्र्याची पैदास करू नये. ही चाचणी करायला शिकलेला डॉक्टर, स्टेथोस्कोप आणि थोडी मोकळी जागा लागते. बापाची अशी चाचणी झाली आहे का, हे विचारायला तर तेवढंही लागत नाही.