पायावरची सूज आणि ताटातले मीठ

ठाण्याहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाच्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वळ उमटतोच. पण हा वळ सकाळपर्यंत जात नसेल, नडगीवर अंगठा दाबल्यावर पडलेला खड्डा भरून यायला वेळ लागत असेल आणि उठल्यावर डोळ्यांखालीही फुगवटा दिसत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी लांबणीवर टाकू नये. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात अशी सूज आली की घरचे लोक सर्वांत आधी रुग्णाचे पाणी तोडतात. हेतू चांगला असला तरी बहुतेक वेळा मूळ दोष मिठाचा असतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात आणि जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना हे सोडियम पुरेसे टाकता येत नाही. रक्तातले त्याचे प्रमाण वाढू नये म्हणून शरीर पाणी धरून ठेवते, आणि साधारण ९ ग्रॅम मीठ अंगात राहिले की त्याच्याबरोबर एक लिटर पाणीही राहते. शिवाय मीठ तहान वाढवते. खारट जेवण वाढून वर पाणी नाकारणे म्हणजे रुग्णाचा छळच. काहींच्या लघवीतून प्रथिनेही जातात, लघवीला फेस येतो आणि सूज आणखी वाढते. अशी प्रथिने असलेली लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती गोठते, या साध्या परीक्षेच्या आधारे रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरांनी १८२७ साली अंगावरची सूज आणि मूत्रपिंडाचा आजार यांची सांगड घातली होती.

दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ, ही मर्यादा ऐकायला सोपी वाटते. परंतु ताटात डावीकडे आधी मीठ वाढण्याची आपली रीत, त्याशेजारचे लोणचे, पापड, चेंदणी कोळीवाड्यातल्या घरांतली सुकट आणि सुके बोंबील, स्टेशनबाहेरचा वडापाव, शिवाय चवीला खारट न लागणारा पाव हे सारे हिशेबात धरावे लागते. कमी सोडियमचे मीठ मात्र डॉक्टरांना न विचारता आणू नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते रक्तात साचल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

नौपाड्यातले आमचे एक शेजारी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितात. मला ही सवय फार मोलाची वाटते, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पायावर खड्डा पडण्याआधीच अंगात दोन-तीन लिटर साचलेले असू शकतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले की ते डॉक्टरांना फोन करतात.

लघवीची गोळी मीठ बाहेर काढते खरी, पण तिचा अंमल काही तासांचाच असतो; तो ओसरला की मूत्रपिंडे जेवणातले मीठ पुन्हा धरून ठेवतात. त्यामुळे गोळी चालू असतानाही पथ्य सुटत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी अडवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात. उलट, रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनमुळे येणारी घोट्याची सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. तेव्हा औषध बदलायचे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पाणी किती प्यावे, हेही लघवीचे प्रमाण पाहून तेच सांगतील.

आडवे पडल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे किंवा रात्री गुदमरून जाग येणे, यांपैकी काहीही झाले तर पाणी फुप्फुसांत शिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला बसते ठेवून तडक रुग्णालयात न्यावे.