क्लॅमिडोमोनासला उजेड कसा कळतो?

साचलेल्या पाण्यात नि ओल्या मातीत सापडणारं क्लॅमिडोमोनास हे शैवाल म्हणजे एकच पेशी, मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी. तरी मंद उजेडाकडे ते पोहत जातं आणि उजेड फार प्रखर झाला की पाठ फिरवतं. आंद्रेई फामिंत्सिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860च्या दशकातच हे वागणं अभ्यासलं होतं. उलगडा व्हायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली.

पेशीच्या कडेला एक केशरी ठिपका असतो. 1980 मध्ये केनेथ फॉस्टर आणि रॉबर्ट स्माइथ यांनी मांडलं की हा ठिपका स्वतः प्रकाश टिपत नाही, तो आरसा आहे. प्रकाश टिपणारे रेणू त्याच्यावरच्या पेशीपटलात बसलेले असतात. समोरून आलेला प्रकाश ठिपका त्यांच्याकडे परत फेकतो, मागून आलेला अडवतो. पोहताना पेशी सेकंदाला साधारण दोनदा स्वतःभोवती फिरते. उजेड बाजूने येत असेल, तर त्या रेणूंवर तो आलटून पालटून पडतो, पोहण्यासाठीच्या दोन कशाभिकांचे (चाबकासारख्या शेपट्यांचे) फटकारे कमीजास्त होतात आणि पेशी वळते. तोंड उजेडाच्या रेषेत आलं की ही चढउतार थांबते आणि पेशी सरळ निघते. या साऱ्या इतिहासात मला हेच सगळ्यात देखणं वाटतं: एवढ्याशा जिवाला दिशा कळायला एकच डोळा पुरतो, कारण तो सतत फिरता असतो.

1984 मध्ये फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी उजेडाला दाद न देणाऱ्या एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणाला रेटिनल हा जीवनसत्त्व अ च्या कुळातला रेणू पुरवला आणि त्या पेशी पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे प्रकाश टिपणारा रेणू ऱ्होडॉप्सिन, रेटिनल धरून ठेवणारं प्रथिन, आपल्या डोळ्यातल्यासारखंच. पण आपल्या डोळ्यात ऱ्होडॉप्सिन आणि विद्युतसंकेत यांच्यामध्ये रासायनिक टप्प्यांची साखळी असते. जर्मन जीवभौतिकशास्त्रज्ञ पीटर हेगेमान यांना शैवालात मोजलेला विद्युतप्रवाह मात्र प्रकाश पडताच, मिलिसेकंदाच्याही आत सुरू होताना दिसला. साखळीला इतका वेळच नव्हता. 2002 मध्ये गेऑर्ग नागेल आणि एर्न्स्ट बामबेर्ग यांच्यासोबत त्यांनी शैवालाचं जनुक बेडकाच्या अंडपेशीत घातलं. उजेड पडला आणि प्रवाह वाहिला. प्रकाश टिपणारं आणि आयनांना (विद्युतभारित कणांना) पेशीपटलातून वाट देणारं प्रथिन एकच निघालं, चॅनेलऱ्होडॉप्सिन.

2005 मध्ये कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी याच शैवालातल्या दुसऱ्या चॅनेलऱ्होडॉप्सिनने चेतापेशी प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालवल्या, आणि ऑप्टोजेनेटिक्सने, म्हणजे जनुक घालून पेशी प्रकाशाने चालवण्याच्या तंत्राने, जोर धरला. 2021 मध्ये दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने अंध झालेल्या एका माणसाला, क्लॅमिडोमोनासच्याच दुसऱ्या जातीतलं असं प्रथिन डोळ्यातल्या पेशींत घातल्यावर टेबलावरची वही हाताने शोधता आली. त्यासाठी समोरचं दृश्य लख्ख उजेडात बदलून डोळ्यात टाकणारा खास गॉगल घालावा लागतो, कारण या प्रथिनाला लख्ख उजेडच लागतो.